स्पेन आणि पोर्तुगाल एकाच द्वीपकल्पावर, भाषा जवळच्या, धर्म एक, मधे मोठा डोंगरही नाही. मग हे दोन देश का? आणि तिथे राहणाऱ्याला फरक जाणवतो का?

जाणवतो, आणि सगळ्यात आधी घड्याळात जाणवतो.

मी मूळची वसईची. नवऱ्याच्या कामामुळे गेली काही वर्षं आम्ही एल्वशला राहतो. हे पोर्तुगालचं अगदी सीमेवरचं गाव. गाडीने वीस मिनिटं गेलं की स्पेनचं बादाहोस शहर लागतं. मधे काया नावाची लहानशी नदी आहे. पूल कधी ओलांडला हे नव्या माणसाला कळतही नाही, फक्त मोबाइलवरची वेळ एक तास पुढे सरकते.

एल्वशचं प्रसूतिगृह २००६ मध्ये बंद झालं. तेव्हापासून इथल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला बादाहोसला जातात, दोन्ही देशांनी तशी सोयच करून ठेवली आहे. माझी मुलगीही तिकडेच झाली. मे महिना, रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं. नवऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळात मात्र अजून अकरा वीस होते, कारण निघताना काटे फिरवायला वेळ कोणाला होता! म्हणजे कागदावर एक तारीख आणि आमच्या घरच्या भिंतीवर आदली. आईला पत्रिकेसाठी वेळ हवी होती. मी फोनवर हा सगळा घोळ समजावून सांगितला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सूर्य उगवला नव्हता ना? मग वार आदल्या दिवसाचाच. तू झोप आता."

हा एक तास जुना नाही. दोन्ही देश पूर्वी ग्रीनिचची वेळ पाळायचे. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने स्पेनची घड्याळं एक तास पुढे करून मध्य युरोपाशी जुळवली, ती तशीच राहिली. पोर्तुगालने १९९२ मध्ये तोच प्रयोग केला. पण हिवाळ्यात मुलं अंधारात शाळेत जायला लागली, लोक वैतागले आणि १९९६ मध्ये तो सोडून दिला. "स्पॅनिश लोक किती उशिरा जेवतात" असं सगळे म्हणतात, त्यातला बराचसा उशीर हा घड्याळाचाच आहे. जूनमध्ये बादाहोसला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. तिकडे दुपारी अडीचला ताटं मांडतात तेव्हा आमच्याकडे दीड वाजलेला असतो आणि माझी शेजारीणही पानं घेत असते. ऊन दोघींच्या अंगणात सारखंच असतं.

आता दोन देश का, याबद्दल. मधे डोंगर नाही हे तुमचं बरोबर आहे. पिरेनीज पर्वत फ्रान्सच्या बाजूला आहे, इथे तशी भिंत नाही. पण नकाशात नद्या बघा. स्पेनच्या मधोमध मेसेता नावाचं पठार आहे, सहाशे-सातशे मीटर उंचीचं. आपलं दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे, हे पश्चिमेकडे. त्यामुळे दोरू, तेजू, ग्वादियाना या मोठ्या नद्या स्पेनमध्ये उगम पावतात आणि पोर्तुगालमधून किंवा त्याच्या कडेने अटलांटिकला मिळतात. पठार सोडताना काही ठिकाणी त्या इतक्या खोल दऱ्यांतून जातात की समुद्रावरून आलेली नाव वर पठारापर्यंत जाऊ शकत नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर देश स्पेनकडे राहिला आणि कोकण पोर्तुगालकडे. लिस्बन आणि पोर्तू ही शहरं समुद्राकडे तोंड करून वाढली. पठाराच्या राजाची मर्जी नसली तरी त्यांचं पोट समुद्रावर भरत होतं.

पोर्तुगाल ११४३ पासून वेगळं राज्य आहे. १२९७ च्या करारात ठरलेली सीमा जवळजवळ आजही तीच आहे. (अपवाद ओलिवेंसाचा. एल्वशच्या दक्षिणेचं हे गाव स्पेनने १८०१ मध्ये घेतलं आणि पोर्तुगालने ते आजवर अधिकृतपणे मान्य केलेलं नाही.) १५८० मध्ये मात्र लिस्बनची गादी स्पेनच्या राजाकडे गेली. पुढची साठ वर्षं दोन्हीकडे एकच राजा होता. म्हणजे त्या काळात आमच्या वसईच्या किल्ल्याचा धनीसुद्धा माद्रिदला बसत होता! १६४० मध्ये पोर्तुगीजांनी उठाव केला आणि लढाई अठ्ठावीस वर्षं चालली.

त्यातली एक मोठी लढाई इथेच झाली. स्पॅनिश फौजेने एल्वशला वेढा घातला होता, गावात रोगराई पसरली होती, आणि १४ जानेवारी १६५९ ला बाहेरून आलेल्या सैन्याने तो वेढा मोडला. त्यामुळे १४ जानेवारीला एल्वशला सुट्टी असते. इथल्या पहिल्या संक्रांतीला मी तिळाच्या वड्या घेऊन शेजारणीकडे गेले. ती म्हणाली, "तुलाही ठाऊक आहे का आजचा दिवस?" तिला माझी संक्रांत सांगितली, तिने मला तिची लढाई सांगितली.

आणि इथे आपला थेट संबंध येतो. स्पेनशी एकट्याने लढणं पोर्तुगालला झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी इंग्लंडशी सोयरीक केली. राजकन्या कॅथरीनचं लग्न दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं, १६६१ चा करार झाला आणि बदल्यात इंग्रजांनी लष्करी मदत द्यायची होती. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली हे आपण शाळेत शिकतो. ती का दिली, हे मला या गावातल्या तटबंदीवर उभं राहिल्यावर कळलं. हे दोन शेजारी एकमेकांशी भांडले नसते, तर मुंबईचा इतिहास वेगळा झाला असता असं मला मनापासून वाटतं.

भाषेचं म्हणाल तर लिहिलेली सारखी, ऐकलेली नाही. पोर्तुगीज लोक स्वर गिळतात. माझ्या शेजारणीला स्पॅनिश सगळं समजतं, पण बादाहोसच्या दुकानदाराला तिचं बोलणं दोनदा विचारावं लागतं. वारांची नावं तर मराठी माणसाला चकितच करतात. स्पॅनिशमध्ये लुनेस म्हणजे चंद्राचा, मार्तेस मंगळाचा, मग बुध, गुरू, शुक्र, अगदी आपल्या क्रमाने. पोर्तुगीजमध्ये ग्रह नाहीत, नुसते आकडे: सोमवार म्हणजे दुसरा, मंगळवार तिसरा, असं शुक्रवारी सहाव्यापर्यंत. मुलगी लहानपणी स्पॅनिश वार माझ्या मराठीवरून पाठ करायची.

पाण्यावरून कुरबुर असतेच. माझा नवरा जैतुनाच्या बागांमध्ये ठिबकचं काम बघतो. त्या बागांना अल्केवा धरणाचं पाणी येतं आणि ते भरतं ग्वादियानावर, म्हणजे वरून स्पेनने सोडलेल्या पाण्यावर. १९९८ मध्ये पाणीवाटपाचा करार झाला आहे, तरी दुष्काळी वर्षी बोलणी ताणतात. कृष्णेच्या पाण्याच्या बातम्या वाचत मोठी झालेल्या मला यात नवल वाटलं नाही.

इथे एक जुनी म्हण आहे: स्पेनकडून ना चांगला वारा येतो, ना चांगली सोयरीक. वाऱ्याचं खरं आहे, पठारावरून येणारा वारा कोरडा असतो, ओठ फुटतात. सोयरिकीचं मात्र आता कोणी मानत नाही. पूर्वी इथले लोक बादाहोसला गोळ्या-चॉकलेटं आणायला जायचे आणि तिकडचे एल्वशला टॉवेल-चादरी घ्यायला यायचे. आता नोकऱ्या, दवाखाने, लग्नं, सगळंच पुलावरून चालतं. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे ही सीमा बंद झाली तेव्हा गावाचा एक हात बांधल्यासारखं झालं होतं. १ जुलैला ती उघडली, तेव्हा स्पेनचे राजे आणि पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष दोघेही बादाहोसला आणि एल्वशला आले होते.

कधी इकडे आलात तर ३१ डिसेंबरला या. आम्ही संध्याकाळी बादाहोसला जातो. बाराच्या टोल्यांबरोबर तिकडच्या पद्धतीने बारा द्राक्षं खातो, मैत्रिणींना भेटतो आणि गाडीत बसतो. एल्वशला पोहोचतो तेव्हा इथे अजून साडेअकरा-पावणेबारा झालेले असतात. शेजारणीने टेबलावर प्रत्येकासाठी बारा मनुका मोजून ठेवलेल्या असतात. मुलगी आधी आपल्या वाटीतल्या मनुका पुन्हा एकदा मोजून घेते.