मुलगी अमेरिकन नागरिक, आम्ही दोघं एच-वन-बीवर: एडिनबराच्या शिक्षणाला अमेरिकन सरकारचं कर्ज मिळेल का?

मिळेल. तुमच्या व्हिसामुळे तिचं कर्ज अडत नाही, अडतं ते तुमचं. आणि तिच्या एकटीच्या कर्जात एडिनबराची फी भागत नाही. उरलेले पैसे कुठून उभे करायचे, हा तुमच्या प्रश्नाचा खरा अवघड भाग आहे.

मी स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात अमेरिकन विद्यार्थ्यांच्या कर्जांचं काम बघते. तुमच्यासारखी घरं (मुलगी न्यू जर्सीत जन्मलेली, आईबाबा ग्रीन कार्डच्या रांगेत, चार वर्षांच्या ऑनर्स डिग्रीची ऑफर हातात, सप्टेंबर २०२६ला सुरुवात) आमच्याकडे दरवर्षी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेचं शिक्षण खातं परदेशी विद्यापीठांनाही आपल्या कर्ज योजनेत घेतं, पण फक्त त्यांच्या यादीतल्या. एडिनबरा, सेंट अँड्र्यूज, ऑक्सफर्ड, कॅनडातलं मॅकगिल ही यादीत आहेत. काही विद्यापीठं मात्र फक्त ‘डिफरमेंट’पुरती यादीत असतात. म्हणजे तिथे शिकताना जुन्या कर्जाचे हप्ते थांबतात, नवीन कर्ज मिळत नाही. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण पुढचा प्रश्न बहुतेक तोच येतो: पुण्यामुंबईच्या कॉलेजचं काय? कॉलेज कितीही नावाजलेलं असो, यादीत नाव बघितल्याशिवाय काही गृहीत धरू नका. दुसरं, परदेशात पूर्ण डिग्री करणाऱ्याला पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) मिळत नाही. मिळतं ते फक्त कर्ज.

आता आकडे. वय २४च्या आत, अविवाहित, म्हणजे सरकारच्या लेखी ती तुमच्यावर अवलंबून. अशा विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी प्रत्येकी ७,५००. चार वर्षांचे मिळून २७,०००. एडिनबराची परदेशी विद्यार्थ्यांची फी कला-मानव्य विषयांना वर्षाला ३०,००० पौंडांच्या आतबाहेर असते, विज्ञानाला त्याहून जास्त, राहणंखाणं वेगळं. हिशेब तुमच्यासमोर आहे.

ही फट भरायला सरकारने ‘पेरेंट प्लस’ नावाचं कर्ज ठेवलंय, जे पालकाच्या नावावर निघतं. त्यासाठी पालक अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक वगैरे लागतो. एच-वन-बीवाल्यांना हा दरवाजा बंद.

पण इथेच एक गोष्ट आहे जी फार कमी जणांना ठाऊक असते. पालक प्लस कर्ज घेऊच शकत नसतील, तर विद्यापीठाचं एड ऑफिस (कर्जं आणि आर्थिक मदत बघणारं) विद्यार्थ्याला जादा अनसब्सिडाइज्ड कर्ज, म्हणजे ज्यावर शिकतानाही व्याज चढतं असं, देऊ शकतं: पहिली दोन वर्षं ४,०००, पुढची दोन वर्षं ५,००० डॉलर. पालक नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसणं हे त्यासाठीच्या मान्य कारणांत मोडतं. मग पहिल्या वर्षीचे ५,५००चे ९,५०० होतात आणि चार वर्षांचे २७,०००चे ४५,०००. हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. निर्णय त्या ऑफिसचा असतो आणि त्यांच्या फायलीत कारणाचा कागद लागतो. तेव्हा मेलमध्ये नुसतं ‘आमचा प्रॉब्लेम समजून घ्या’ असं लिहू नका. पालकांचं इमिग्रेशन स्टेटस काय आहे, त्यामुळे पेरेंट प्लस का मिळू शकत नाही, हे दोन ओळींत लिहा आणि सोबत दोघांच्या आय-७९७ अॅप्रूव्हल नोटिशीची (एच-वन-बी मंजूर झाल्याच्या कागदाची) प्रत जोडा. असा मेल आला की आमचं काम पाच मिनिटांचं असतं.

५,५००पैकी ३,५०० पर्यंत सब्सिडाइज्ड असू शकतात, म्हणजे शिकत असताना व्याज सरकार भरतं. ‘आमचा पगार बरा आहे, आम्हाला कुठलं सब्सिडाइज्ड’ असं म्हणून लोक फाफ्साच (सरकारी मदतीचा ऑनलाइन अर्ज) भरत नाहीत. पण गरज मोजताना पूर्ण खर्चातून तुमची कुवत वजा करतात, आणि परदेशी विद्यार्थ्याचा पूर्ण खर्च इतका मोठा असतो की मध्यम पगाराच्या घरालाही थोडंफार सब्सिडाइज्ड निघतं. भरून तर बघा.

जुलै २०२५ ते जून २०२६ मध्ये निघालेल्या अंडरग्रॅड कर्जाचा व्याजदर ६.३९ टक्के आहे. दर वर्षी नवीन कर्जाचा दर नव्याने ठरतो, पण एकदा घेतलेल्या कर्जाचा दर शेवटपर्यंत तोच राहतो. शिवाय देतानाच १.०५७ टक्के फी कापली जाते. ५,५०० मंजूर झाले तर प्रत्यक्षात ५,४४२च्या आसपास येतात. रक्कम किरकोळ आहे, पण दर वर्षी कुणीतरी ‘आमचे ५८ डॉलर कुठे गेले’ म्हणून भांडायला येतंच.

फाफ्सा भरताना तुम्ही ‘कॉन्ट्रिब्युटर’ असता, म्हणजे तुमचीही माहिती द्यावी लागते. दोघं एकत्र टॅक्स रिटर्न भरत असाल तर एकाचीच माहिती पुरते. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही खातं काढता येतं. आयआरएसकडून (अमेरिकेच्या आयकर खात्याकडून) माहिती घ्यायला संमती मात्र द्यावीच लागते. संमती नाकारली तर मुलीला सरकारी मदत मिळत नाही. विद्यापीठ नावावरून न शोधता कोडवरून टाका. आणि फाफ्सा भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. विद्यापीठाच्या अमेरिकन लोन्सच्या माणसाला वेगळा मेल करावा लागतो, तिथले फॉर्म वेगळे, शिवाय एन्ट्रन्स काउन्सेलिंग (कर्जाची माहिती समजावणारं सत्र) आणि प्रॉमिसरी नोट (कर्जाचा करार) ऑनलाइन पूर्ण करायची. हे सगळं मुलीने स्वतःच्या लॉगिनने करायचं. बाबांनी तिच्या नावाने सही ठोकायची नाही. हसू नका, हे होतं.

पैसे कधी येतात याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. टर्म सुरू होण्याच्या जास्तीत जास्त दहा दिवस आधी पहिला हप्ता निघू शकतो, तोही थेट विद्यापीठाकडे. ते आधी फी वळती करतात आणि उरलंच तर मुलीला मिळतं. तुमच्या बाबतीत काही उरणार नाही. त्यामुळे ब्रिटिश व्हिसासोबतचा हेल्थ सरचार्ज (विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, तोही व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकदम), व्हिसाची फी, विमान, खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं किराणा सामान, हे सगळं तुमच्या खिशातून, तेही उन्हाळ्यातच. कर्ज डॉलरमध्ये आणि फी पौंडात असते. पौंड वधारला की तेवढी भर तुमची.

व्हिसासाठी विद्यापीठ कर्जाचं पत्र देतं आणि तेवढी रक्कम पुरावा म्हणून धरली जाते. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना पैशांचे कागद सहसा अर्जासोबत लावावे लागत नाहीत, पण मागितले तर दाखवता आले पाहिजेत.

आता एक सापळा, जो मला सगळ्यात जास्त त्रास देतो: ऑनलाइन कोर्स. परदेशी विद्यापीठात अमेरिकन कर्ज हवं असेल तर अभ्यासक्रमात ऑनलाइन भाग चालत नाही. मुलं तिसऱ्या वर्षी सोयीचं म्हणून एखादं ऐच्छिक ऑनलाइन मॉड्यूल घेतात, त्याचे पैसे वेगळे भरतात आणि समजतात की कर्जाशी याचा काय संबंध. संबंध असतो, कर्जाची पात्रताच जाते. मॉड्यूल निवडण्याच्या आठवड्यात मुलीने लोन्सच्या ऑफिसला मेल करून विचारावं, मग निवडावं. तसंच एक वर्ष अमेरिकेत एक्स्चेंजवर जायचा विचार असेल तर आधी विचारा. अभ्यासक्रमाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त भाग अमेरिकेत करता येत नाही.

मधेच ग्रीन कार्ड आलं तर पेरेंट प्लस उघडेल, पण नवीन कायद्याने १ जुलै २०२६ पासून त्यावर एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आलीय. २०२५-२६चा दर ८.९४ टक्के, कापली जाणारी फी ४.२२८ टक्के. शिवाय तेव्हा ते जादाचे चार-पाच हजार मिळायचं कारण संपेल. माझं मत विचाराल तर हे कर्ज शेवटचा पर्याय म्हणूनच धरा. मास्टर्सवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: नव्याने कर्ज घेणाऱ्यांना त्याच तारखेपासून ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या विद्यार्थ्यांचं प्लस कर्ज) बंद. वर्षाला २०,५००, एकूण १,००,००० एवढीच मर्यादा. वैद्यकीय, कायदा वगैरे व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००.

तुमच्याकडे ५२९ खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) असेल तर ते आधी वापरा. विद्यापीठ सरकारी यादीत असलं की परदेशी फीसाठीही त्यातून करमुक्त पैसे काढता येतात. लोक हे खातं ‘अमेरिकेतल्या कॉलेजसाठी’ म्हणून बाजूला ठेवतात आणि वरती कर्ज काढतात. खाजगी कर्जाला सहसा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक को-साइनर (जामीन राहणारा) मागतात. सिटिझन झालेले मामा-काका असतील तर त्यांना विचारण्याआधी घरात नीट बोलून घ्या, कारण हप्ता चुकला तर त्यांचा क्रेडिट स्कोअर जातो आणि मग गणपतीला भेटणं अवघड होतं.

परतफेड शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू. ती नोकरीला ब्रिटनमध्येच राहिली तरी कर्ज अमेरिकेचंच, आणि टॅक्स रिटर्नही अमेरिकेत दर वर्षी भरायचं. परदेशातली कमाई (२०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत) वजा करून घेता येते. १ जुलै २०२६ पासून येणाऱ्या ‘रॅप’ या परतफेडीच्या योजनेत हप्ता त्या रिटर्नवरच्या उत्पन्नाप्रमाणे ठरतो, निदान महिना १० डॉलर. पण अनसब्सिडाइज्डवरचं व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. तिला जमेल तेव्हा शिकतानाच ते व्याज तरी भरू द्या. पहिल्या वर्षीच्या जादा ४,०००वर ते महिन्याला एकवीस-बावीस डॉलर होतं.

ऑफर अजून कंडिशनल असली तरी निकालाची वाट बघत बसू नका. २०२६-२७चा फाफ्सा आजच भरा, आणि लोन्सच्या ऑफिसला मेल करताना तिचा विद्यापीठाचा अर्ज क्रमांक विषयाच्या ओळीत टाका.