स्पिटफायरचा मोडलेला पाय

१/४८ स्केलच्या स्पिटफायर विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचा डावा लँडिंग गिअर, म्हणजे चाकाचा पाय, पंखाजवळ बुडाशीच मोडलाय आणि दोनदा सुपरग्लू लावूनही परत सुटला म्हणताय, तर सुटणारच हो. एवढ्याशा तोंडावर सुपरग्लू सरळ ओढ सोसतो, पण बाजूने टिचकी बसली की काचेसारखा तडकतो. आणि तामियाचं एक्स्ट्रा थिन हे मॉडेलचं पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, मध्ये रंग किंवा जुना ग्लू असला की त्याचं काही चालत नाही. माझ्या मॉडेलचा पाय तर दिवाळीच्या साफसफाईत फडक्याला अडकून गेला होता, तेव्हापासून आत तारेची पिन घातल्याशिवाय जोडतच नाही.

आधी दोन्ही तोंडं ब्लेडने खरवडून मूळ प्लास्टिक दिसेपर्यंत साफ करा. पायाच्या मधोमध सुईने टोचा, नाहीतर ड्रिलचा बिट घसरतो, मग पिन वाइसमध्ये (बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल) ०.५ मिमीचा बिट लावून हातानेच हळूहळू चारेक मिमी आत जा. मोटरवालं ड्रिल नको, प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळतं. आता पंखातलं भोक नेमकं कुठे? पायात तारेचा तुकडा नुसता खोचा, जेमतेम अर्धा मिमी बाहेर ठेवा, टोकाला रंग लावा आणि पाय जागेवर टेकवा, ठिपका उमटेल तिथेच पाडायचं. पण इथे दोन-अडीच मिमीच्या पुढे जाऊ नका, बिटवर टेपची खूण करून ठेवा, मी एकदा पंखाच्या वरच्या कॅमोफ्लाजमधून बाहेर आलोय!

तार ०.४ मिमीची पितळी बेस्ट. गिटारची जुनी तारही चालते, फक्त ती स्टीलची असते, स्प्रू कटरने (मॉडेलचे भाग फ्रेममधून कापायचा नाजूक कटर) कापलीत तर कटरच्या धारेला दात पडतील.

चिकटवताना जेल सुपरग्लू घ्या म्हणजे पाय सरळ करायला थोडा वेळ मिळतो. समोरून उजव्या पायाशी कोन जुळतोय का बघा, बाजूने बघाल तर दोन्ही पाय जरा पुढे झुकलेले हवेत, आणि काड्यापेट्यांचा टेकू देऊन रात्रभर हात लावू नका. उरलेल्या फटीत खायचा सोडा भरून वर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडा, क्षणात दगड होतो, लगेच घासून घ्या.

व्हाइट मेटलचे तयार पाय मिळतात, पण मला नाही आवडत, मऊ असतात, जड मॉडेलखाली हळूहळू फाकतात.

आणि हो, हे सगळं करताना कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) लांब ठेवा, सुपरग्लूच्या वाफेने पांढरी पडते.