हरीण हललं, असं लिहू नकोस

सातारा

बाळा,

तुझं शिकारीचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. धनुष्याचं ओढायचं वजन वाढवू का, ब्रॉडहेड म्हणजे बाणाचं पात्याचं टोक बदलू का, नेम धरायची साइट सरकली असेल का, असे पानभर प्रश्न आहेत. त्यांच्या मधोमध एक वाक्य आहे: "माझं सगळं बरोबर होतं काका, ऐन वेळी हरीण हललं." मी उत्तर देतोय ते ह्या एका वाक्याला.

प्राणी मारावा की मारू नये, ह्यावर मी काही लिहिणार नाही. अमेरिकेतल्या मिशिगनचं शिकारीचं लायसन्स काढलंस, झाडावरच्या स्टँडवर चढलीस, तेव्हा तो विचार तू करून झालेला होता. आईला अजून सांगितलं नाहीस, ते तुझं तू बघ. आपण दोघं एवढं धरून चालतो की ज्याला बाण मारायचा त्याला झटकन मरण द्यायचं, आणि ते जमणार नसेल तर बाण भात्यातच राहू द्यायचा. तुझी मादी झटकन मेली नाही. ती सापडलीही नाही. तू दोन रात्री झोपली नाहीस, हे मला पत्रातून कळतंय. म्हणूनच सांगतो, हरीण हललं असं लिहू नकोस.

काय झालं ते तुझ्याच शब्दांवरून मांडतो. छत्तीस यार्ड. मादी आडवी चालत होती. तू तोंडाने आवाज काढून तिला थांबवलंस. ती थांबली, मान वर, दोन्ही कान तुझ्याकडे. साइटची पिन नेमावर बसली, तू रिलीजचा खटका दाबलास. बाण वर आणि मागं लागला.

आता हिशेब कर, इंजिनिअर आहेस. तुझा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो. छत्तीस यार्ड म्हणजे १०८ फूट, म्हणजे पोचायला ०.३९ सेकंद. आवाज सेकंदाला ११०० फूट जातो, तो ०.१० सेकंदात पोचला. बाणाआधी पाव सेकंदाहून जास्त वेळ दोरीचा आवाज तिच्या कानात होता. दचकायला सेकंदाचा दहावा भाग गेला असं धर. उरले ०.१९. उडी मारायची तर हरणाला आधी गुडघे मोडून खाली बसावं लागतं, आणि नुसतं अंग सैल सोडलं तरी तेवढ्या वेळात ते सहा-सात इंच खाली येतं. फुफ्फुसांचा टप्पा उंचीला साधारण आठ इंच. तू मध्यावर नेम धरला होतास, म्हणजे वरच्या बाजूला तुझ्या हाताशी चार इंच होते. खाली बसता बसता ती वळलीसुद्धा, म्हणून बाण मागं गेला. हाच हिशेब वीस यार्डांवर मांडलास तर ती इंचभरही खाली येत नाही.

मग सांग, ह्यात हरणाने काय केलं? हरणाने हरणासारखं केलं. छत्तीस यार्ड तू निवडलेस. आवाज काढून "मी इथं आहे" हे तिला तू सांगितलंस. कान तुझ्याकडे वळलेले तुला दिसत होते, तसं तू लिहिलंयस. त्यानंतरचा बाण सोडायचं तू ठरवलंस. मग "हरीण हललं" हे वाक्य उरतं कुठं?

तुझा खरा गोंधळ मला माहीत आहे. तू साताऱ्याच्या तिरंदाजीच्या मैदानावर वाढलेली. २०२३ मध्ये ह्याच जिल्ह्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला जगज्जेती झाली, फायनलला तिने १५० पैकी १४९ मारले. इथंच सराव करणाऱ्या ओजस देवतळेने त्याच स्पर्धेत १५० पैकी १५० मारले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला. त्या वातावरणात तुझा हात घडला. पन्नास मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास आठ सेंटिमीटर, आणि त्यात तू डोळे मिटून बाण बसवावेस अशी तुझी तयारी. मग छत्तीस यार्डांवर आठ इंचांचं निशाण कसं चुकतं, हे तुला उमगत नाही, आणि म्हणून तू धनुष्यात खोट शोधतेस.

पोरी, टार्गेटला कान नसतात. मैदानावर तुला वीस सेकंदांचं घड्याळ होतं. पिन बसली की सोड, हे तुझ्या अंगात इतकं मुरलंय की पिन बसल्यावर बोट तुला विचारतच नाही. मॅचमध्ये ओढलेलं धनुष्य न सोडता परत खाली घेतलं तर प्रशिक्षक ओरडतो, वेळ गेला म्हणून. ज्या सवयीने तुला पदकं दिली त्याच सवयीने ह्या मादीचं पोट फोडलं. हे मी कठोर लिहितोय, आणि कठोरच लिहायचंय. तुला नव्याने शिकायचंय ते खाली घेणं. रोज सरावाला उभी राहिलीस की निम्मे बाण ओढ, पिन बसू दे, दहापर्यंत मोज आणि न सोडता खाली घे. खांदे भरून येतील. चिडचिड होईल. पण न सोडणं हे हाताला माहीत नसेल तर ऐन वेळी डोक्याचं हात ऐकत नाही.

आता दुसरी गोष्ट, जिचा मला राग आला. बाण सापडला तेव्हा त्यावर हिरवट ओल होती, वास येत होता, चघळलेल्या गवतासारखं काहीतरी चिकटलं होतं, हे तूच लिहिलंस. मादी पाठीला कुबड काढून सावकाश चालत गेली, हेही लिहिलंस. मग अर्ध्या तासात टॉर्च घेऊन निघालीस कशाला? फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुसं, त्यात हरीण फार लांब जातच नाही. काळपट लाल रक्त म्हणजे काळीज, म्हणजे यकृत, तिथं चार ते सहा तास थांबायचं. हिरवट ओल आणि वास म्हणजे कोठा, म्हणजे पोट-आतडी, आणि तिथं आठ ते बारा तास जागचं हलायचं नाही. कोठ्यात बाण लागलेलं हरीण पहिल्या झुडपात जाऊन बसतं. मागं कोणी नसेल तर बहुतेक वेळा तिथंच राहतं. उठवलंस की ते मैलभरही जातं, आणि भोक आतड्याने बुजतं म्हणून रक्ताचा थेंब पडत नाही. तुम्ही तिला उठवलं, पाला मोडल्याचा आवाज आला, आणि मग पाऊस. इथंच ती गेली.

तुझा मित्र म्हणाला, सकाळपर्यंत कायोटी, म्हणजे तिथले कोल्ह्यासारखे प्राणी, खातील. खातील. मांसही खराब होईल कदाचित. तरी थांबायचं. पाऊस येणार हे दिसत होतं तर पट्ट्याने बांधलेलं माग काढणारं कुत्रं घेऊन येणारी माणसं तिथं असतात, त्यांना फोन करायचा आणि तोवर त्या वासावर आपल्या बुटांचा चिखल करायचा नाही.

तू का थांबली नाहीस ते मला ठाऊक आहे. "हरीण हललं" हे तू स्टँडवरून खाली उतरायच्या आधीच मनाशी म्हटलं होतंस. असं म्हणणारा माणूस बाण वाचत नाही. त्याच्या लेखी काय झालं ते ठरून गेलेलं असतं, मग हातात धरलेला बाण कितीही सांगो. बाकी माणसं ह्याला नुसती सबब म्हणतील. मला ती सबबीपेक्षा घातक वाटते, कारण सबब मागच्या बाणाची असते आणि हे वाक्य पुढचाही बाण बिघडवतं.

मी अमेरिकेत होतो तेव्हा तिथं माझा एक मित्र होता. नाव नको. त्याच्या शेतावर मी बरीच वर्षं शिकार केली, त्यानेच मला स्टँड बांधायला शिकवलं. चांगला माणूस, अडीअडचणीला धावून येणारा. पण दर सीझनला त्याचं एखादं हरीण जखमी होऊन जायचं आणि दर वेळी ते हललेलं असायचं. एका संध्याकाळी मी त्याला तोंडावर सांगितलं, की तुझी सगळी हरणं कशी हलतात आणि माझी कशी हलत नाहीत? तू चाळीस यार्डांवरून मारतोस म्हणून. त्यानंतर त्याच्या शेतावर मला बोलावणं आलं नाही. मी भारतात परत आलो तेव्हा निरोप घ्यायला गेलो, तर तो घरात होता आणि बाहेर आला नाही. त्याची खंत मला आजही आहे. इतका जीव लावणारा माणूस तिथं दुसरा नव्हता. पण ते बोलणं मी मागं घेणार नाही. कोणीतरी त्याला म्हणायला हवं होतं, आणि तिथं मीच होतो.

माझी मर्यादा वीस यार्ड. त्यापलीकडे मी बाण सोडला नाही, कधीच नाही. लोकांनी मला भित्रा म्हटलं. म्हणाले, एवढं महागाचं धनुष्य घेतलंस ते कशाला? एकदा मोठ्या शिंगांचा नर तीस यार्डांच्या पुढं आडवा उभा राहिला, निवांत, शेपटी हलवत, आणि मी धनुष्य मांडीवर ठेवून त्याला जाताना पाहिलं. त्या वर्षी फ्रीझर रिकामा गेला. घरात त्यावरून बोलणं झालं. बंदुकीच्या सीझनमध्ये तो नर दुसऱ्याने मारला, फोटो पाठवला. मी काय गमावलं ते मला नीट माहीत आहे. आणि तरी सांगतो, मी बरोबर होतो. निवांत उभं हरीणही दोरी वाजली की निवांत राहत नाही, आणि तीस यार्डांवर त्याला खाली बसायला वेळ मिळतो. भित्रा माणूस बाण सोडून मोकळा होतो. ओढलेलं धनुष्य खाली घ्यायला धीर लागतो, हे मला कोणी पटवून द्यायची गरज नाही.

तू म्हणशील, काका, तुमचा हात तेवढाच होता, माझा त्याहून चांगला आहे. आहे. तू पन्नास मीटरवर जे करतेस ते मला कधी जमलं नाही. पण तुझा हात चांगला म्हणून आवाज हळू चालत नाही, आणि हरणाचे कान छोटे होत नाहीत. मी तुला सांगतोय त्यात हाताचा काही संबंधच नाही.

अलीकडे इथली काही पोरं मला विचारतात, काका, कोयनेच्या बाजूला भेकर मिळेल का? मी त्यांना दारातून परत पाठवतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने इथं शिकार हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असायला हवा. तिथं हरणांची मोजदाद होते, कोटा ठरतो, लायसन्सचे पैसे जंगलाकडे वळतात. इथं भेकर उरलंय ते उरू द्यावं.

तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं थोडक्यात. धनुष्याचं वजन आहे तेवढंच ठेव. ब्रॉडहेड लावून टार्गेटवर मारून बघितलं नसशील तर आधी ते कर, प्रॅक्टिसच्या टोकाने बाण जिथं जातो तिथंच ब्रॉडहेडने जाईल असं नाही. स्टँडवर हात खाली नेऊ नकोस, कमरेतून वाक. नेम धरताना पुढच्या पायाची मागची कड धरून वर ये, शरीराच्या एक तृतीयांशावर थांब. त्याच्या थोडं मागं काळीज, आणखी मागं कोठा.

चालत्या हरणाला आवाज काढून थांबवणं ह्या वर्षापुरतं बंद. ते आपणहून थांबलं, मान खाली घातली, कान इकडंतिकडं फिरले, तर बघायचं. नाही थांबलं तर जाऊ द्यायचं.

पंधरा नोव्हेंबरला बंदुकीवाले उतरतील, त्याआधी तुझ्याकडे काही दिवस आहेत. स्टँडवर जायच्या आधी मला एक कागद पाठव. त्यावर हरणाची आकृती काढ. कान कुठं होते, पुढचा पाय कुठं होता, तू कुठल्या उंचीवर होतीस, बाण कुठून शिरला, कुठून बाहेर पडला, बाणावर काय होतं, किती वाजता सोडलास, किती वाजता मागावर निघालीस. खाली तुझ्या शब्दांत लिही, आवाज काढलास तिथपासून सुरुवात कर, आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता "मी" असू दे. हरीण कर्ता झालेलं एकही वाक्य मला दिसलं तर कागद परत पाठवेन, सांगून ठेवतो.

डिसेंबरात येशील तेव्हा एक सकाळ मला दे. सागरेश्वर अभयारण्यात जाऊ. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांच्या चिकाटीतून त्या उजाड डोंगरावर जंगल उभं राहिलं, तिथं आता चितळं आहेत, सांबरं आहेत. दुर्बीण माझी आहे. तू नुसतं बसायचं आणि प्रत्येक चितळाकडे बघून मला सांगायचं, आत्ता सोडला असता की नसता, आणि का. मी अंतर सांगणार नाही, ते तू ओळखायचं. देवराष्ट्र्याकडून लवकर आत शिरलं तर उन्हं वर यायच्या आत दोन तास मिळतात. आईला आत्ताच सांगून ठेव, त्या दिवशी दुपारी जेवायला घरी नाहीस.

तुझा,
काका