फूटभर पाण्यासाठी रस्ता बंद करतात, धोका खरंच इतका असतो का?

प्रश्न असा आहे: पुलावर किंवा सबवेत पाणी आलं की पोलीस बॅरिकेड लावतात, तरी लोक ते सारून गाडी घालतात. पाणी तर फूटभरच दिसतं. मग धोका किती, लोकांना थांबवायचं कसं, आणि अडकलोच तर काय करायचं?

फूटभर पाणी पुरतं. छोट्या हॅचबॅकचं वजन माणसांसकट हजार-अकराशे किलो. तळ जमिनीपासून साधारण १७ सेंटीमीटरवर. पाणी तळाला टेकलं की पुढच्या दर १० सेंटीमीटरला ते अंदाजे ६०० किलो वजन उचलून धरतं. म्हणजे फूटभर पाण्यात टायरवर जेमतेम पाव वजन उरतं, आणि ब्रेक, स्टीअरिंग दोन्ही त्या पाव वजनावरच चालतात. त्यात पाणी वाहतं असेल तर गाडी आडवी सरकते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, म्हणून काल इथूनच गेलो होतो या अनुभवाला आज किंमत नाही. एसयूव्ही उंच असते म्हणून थोडी उशिरा उचलली जाते, पण दोन फुटांत तीही जाते. जड गाडीचाही भरवसा नको. २८ सप्टेंबर २०२१ ला यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एसटी घातली आणि प्रवाशांसकट वाहून गेली.

आणि खोली हा अर्धाच प्रश्न. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे का, हे काचेतून कळत नाही. फरशी पुलाचा, म्हणजे ओढ्या-नाल्यावरच्या बुटक्या पुलाचा, भराव पाणी आधी कडेने खातं. वर डांबर तसंच राहतं, खाली पोकळी. कर्जत, मुरबाड, शहापूरकडे पावसाळ्यात फिरायला जाणाऱ्या मुंबईकरांना अशा फरश्या जागोजागी लागतात. बहुतेकींना कठडा नसतो, त्यामुळे पाणी वर आलं की कडा कुठे संपते तेही दिसत नाही. महाडजवळ सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात पडला, तेव्हा रस्ता बंद केलेला नव्हता; अंधारात पूल नाही हे चालकांना दिसलंच नाही आणि दोन एसटी बस नदीत गेल्या.

सबवेची गोष्ट वेगळी. अंधेरी सबवेत पाणी वाहत नाही, साचतं. शेजारचा मोगरा नाला भरला, त्यात भरतीची वेळ असली, तर ते बाहेर पडायला जागाच नसते. तोंडाशी पाणी घोट्याएवढं दिसतं, पण उतार वीसास एक धरला तर दर २० फुटांना खोली एक फुटाने वाढते. मधे गेल्यावर मागे घ्यायला जागा नाही, कारण मागे दुसरा येऊन उभा असतो. शेजारून ट्रक गेला की त्याची लाट बोनेटवर येते आणि एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात जातं. लोक सायलेन्सरची काळजी करतात, पण घात होतो तो पुढच्या बाजूने. अंधेरीत पूर्व-पश्चिम करायचं असेल तर गोखले पूल धरा, थोडा वेळ जास्त लागू द्या.

लोक थांबत का नाहीत? बेफिकिरी आहेच, पण माझ्या मते बॅरिकेडची जागा हे मोठं कारण आहे. ते पाण्याच्या काठावर लावतात. तिथवर आलेल्या गाडीला वळायला जागा नसते, मागून हॉर्न सुरू असतात, समोरून एक टेम्पो पार झालेला दिसतो. मग एक जण उतरून बॅरिकेड सारतो, परत लावत नाही, आणि पुढच्या वीस जणांना रस्ता मोकळाच वाटतो. म्हणून पहिलं बॅरिकेड शेवटच्या चौकात हवं, जिथून वळता येतं, आणि त्यावर पर्यायी रस्त्याचं नाव ठळक हवं. दुसरी रांग पाण्याच्या अलीकडे, पूर्ण रुंदीची, फट न ठेवता. रिकामी प्लास्टिकची बॅरिकेड स्वतःच तरंगतात, ती भरूनच ठेवायची. रात्री ब्लिंकर आणि एक माणूस लागतोच. पाणी ओसरल्यावर आधी रस्ता तपासायचा, आणि ठीक असेल तर बॅरिकेड लगेच उचलायचं. कोरड्या रस्त्यावर दोन दिवस पडून राहिलेलं बॅरिकेड लोकांना पुढचं बॅरिकेड मोडायला शिकवतं.

अडकलात तर पहिलं मिनिट महत्त्वाचं. फोन नंतर. सीटबेल्ट काढा, लॉक उघडा, काचा पूर्ण खाली करा. पॉवर विंडो पाण्यात काही वेळ चालतात, पण त्या वेळेचा भरवसा नाही. दारावर जोर वाया घालवू नका: गाडीच्या दाराच्या खालच्या कडेपासून वर अर्धा मीटर पाणी असेल तर मीटरभर रुंद दारावर बाहेरून सव्वाशे किलोचा दाब असतो. आधी मुलांना खिडकीतून वर काढा, मग स्वतः टपावर जा. काच फोडायची तर बाजूची, आणि कोपऱ्यात टोकदार हातोडीने; पुढची काच दोन थरांची असते, ती तडकते पण सुटत नाही. हातोडी डिकीत ठेवून उपयोग नाही, बेल्ट लावलेला असताना हात पोहोचेल अशी हवी. २६ जुलै २००५ ला मुंबईत माणसं बंद गाड्यांमध्ये गुदमरून गेली, हे विसरू नका. बाहेर आल्यावर ११२ ला फोन करा, किंवा मुंबईत असाल तर महापालिकेच्या १९१६ ला. साचलेल्या पाण्यातून चालताना काठीने किंवा छत्रीने पुढची जमीन चाचपत जा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवीला एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले.

गाडी बंद पडली असेल तर पाणी उतरल्यावरही सेल्फ मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पाणी कुठवर आलं होतं त्याचे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाण्यात सेल्फ मारून बिघडलेलं इंजिन त्यात सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, आणि ते पावसाळ्याआधी तपासून घ्या.