प्रोटोकॉलला शिष्टाचार म्हणायचं का?

विचारणा अशी आहे की कॉम्प्युटर नेटवर्कच्या इतिहासावर मराठीत लिहितोय, त्यात ‘१ जानेवारी १९८३ ला अर्पानेटचा प्रोटोकॉल बदलला’ असं वाक्य आहे (अर्पानेट म्हणजे इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं नेटवर्क, आणि प्रोटोकॉल म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत), तर तिथे ‘शिष्टाचार’ लिहू का.

नका हो लिहू! आधीच कान किटलेत. साहेबांना प्रोटोकॉल आहे, देवळात प्रोटोकॉलचं दर्शन आहे, म्हणजे थोडक्यात रांग मोडायचा परवाना. सरकारचा राजशिष्टाचार विभाग आहे तो ठीक, पाहुण्यांचा मानपान बघणं हे त्यांचं कामच. पण मशीनला कसला आलाय मानपान?

१९६९ ला अर्पानेटवर पहिली चार ठिकाणं जोडली तेव्हाची गोष्ट बघा. लॉस एंजेलिसला सिग्मा ७ मशीन, तिचा एक वर्ड (मशीन एका दमात उचलते तो ०-१ चा, म्हणजे बिटांचा गठ्ठा) ३२ बिटांचा, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला एसडीएस ९४०, तिचा २४ चा, युटाला पीडीपी १०, तिचा ३६ चा, आणि सांता बार्बराला आयबीएम ३६०, तिची तर अक्षरंसुद्धा वेगळी, अक्षरांना आकडे द्यायच्या आस्की पद्धतीत कॅपिटल ए म्हणजे ६५ आणि आयबीएमच्या एबसिडिक पद्धतीत १९३. आता ३६ च्या मापाने भरलेला निरोप ३२ च्या मापात ओतला की शेवटी जागा उरणार, मग खरा मजकूर कुठे संपला हे पलीकडच्याने ओळखायचं कसं? तर मजकूर संपला की एक १ टाकायचा आणि पुढे शून्यं भरायची, मागून बघत आलं की पहिला १ भेटतो तिथे निरोप संपला. ह्यात शिष्टपणा कुठाय सांगा. हा आधी ठरवून ठेवलेला नेम आहे.

आता खरी मजा. प्रोटोकॉल हा मूळ ग्रीक शब्द, प्रोटोस म्हणजे पहिला आणि कोल्ला म्हणजे डिंक, सरस! पपायरसच्या गुंडाळीला सुरुवातीला चिकटवलेलं पान ते प्रोटोकोल्लोन, कागद कुठला-कधीचा वगैरे त्यावर असायचं. त्याच कोल्लापासून कोलाज आलं आणि कोलॅजेनपण. डिंकाच्या पानावरून दप्तर, दप्तरावरून करार, करारावरून नियम असा प्रवास.

आणि अगदी हाच प्रवास केलेला शब्द आपल्याकडे पडून आहे, शिरस्ता! फारसी सर-रिश्ता, सर म्हणजे डोकं, टोक आणि रिश्ता म्हणजे दोरा. दोऱ्याचं टोक, मग दप्तर (शिरस्तेदार आठवा, कचेरीतला), मग पडलेली वहिवाट. तिकडे डिंक, इकडे दोरा, दोन्ही कागद बांधायचेच. शिरस्ता थेट संस्कृत ‘शिरस्’वरून आला असं ठासून सांगणारे विद्वान भेटतात, त्यांनी ‘रिश्ता’चं काय करायचं ते सांगावं. फारसी सर आणि संस्कृत शिरस् चुलतभाऊ आहेत, बापलेक नव्हेत. प्रोटोकॉलसाठी हिंदीवाल्यांचा ‘नयाचार’ उचलून आणणाऱ्यांशी तर मला बोलायचंच नाही.

हां, तुमचं वाक्य राहिलं. त्या दिवशी एनसीपी हा जुना प्रोटोकॉल जाऊन टीसीपी/आयपी हा नवा आला, तर ‘अर्पानेटचा शिरस्ता बदलला’ लिहा, धीर होत नसेल तर प्रोटोकॉलच ठेवा. आणि अनेकवचन शिरस्ते, ‘शिरस्त्या’ छापलेलं पाहिलंय मी म्हणून सांगतोय.