बसऱ्याला गेलेले पणजोबा

प्रश्न: आमचे पणजोबा पाटण तालुक्यातले, परळला गिरणीत कामाला होते. पहिल्या महायुद्धात भरती झाले ते परत आलेच नाहीत. घरात एक पदक आहे आणि आत्या म्हणते ते इराकमधल्या बसऱ्याला गेले, बाकी काही नाही, फोटोसुद्धा नाही. एवढ्या वर्षांनी काही सापडेल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: सापडू शकतं, शोधाच. आधी एक करा, ते पदक चिंच किंवा ब्रासो लावून घासू नका, कारण खरी माहिती त्याच्या कडेवर असते, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा, बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण दिसेल. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार आणि १९१४, १९१८ असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल. चांदीचं म्हणजे बहुतेक शिपाई, ब्राँझचं म्हणजे मजूर किंवा हमाल पथकातला माणूस. ब्राँझ निघालं तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका, धक्क्यावर माल उतरवणारी, रस्ते आणि रूळ टाकणारी ही माणसं नसती तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, फौज हललीच नसती.

मग महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा, फुकट आहे. आपल्या लोकांचं आडनाव तिथे बऱ्याचदा नसतंच आणि स्पेलिंग तर साहेबाला जसं ऐकू आलं तसं, म्हणून नावापेक्षा नंबर, पलटण आणि गावाच्या नावावर भर द्या. अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा असतो.

बसऱ्याच्या स्मारकावर ४०,०००हून जास्त जणांची नोंद आहे, पण तिथे गोऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचे पलटणीप्रमाणे फक्त आकडे, नावं गेली रजिस्टरात. याचा मला आजही संताप येतो. २०२१ मध्ये कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली, ती रजिस्टरं आता ऑनलाइन बघता येतात.

गावी गेलात तर शाळेत, चावडीत जुनी संगमरवरी पाटी आहे का बघा, किती जण लढाईला गेले आणि किती मेले एवढंच बहुतेक लिहिलेलं असतं पण धागा मिळतो. मुंबईत फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दफ्तर आहे, तिथे पलटणीचं नाव हातात असल्याशिवाय जाऊ नका, नुसतं पणजोबांचं नाव सांगून फाइल निघत नाही.

आणि आत्यांना आजच पणजोबांच्या वडिलांचं नाव विचारून ठेवा, नाहीतर एकाच नावाच्या ढीगभर नोंदींतून आपला माणूस ओळखता येणार नाही.