‘एकच मिनिट’ म्हणत येणाऱ्यांना काय सांगावं?

तुम्ही विचारलंय: ‘घरून काम करतो. डोकं लावून बसावं लागेल असं काम आहे. जरा लय लागते न लागते तोच कोणीतरी “एकच मिनिट” म्हणत दारात उभं राहतं, नाहीतर ऑफिसचा मेसेज येतो. नाही म्हणायचं जिवावर येतं. माणसं न दुखावता हे थांबवता येईल का?’

येईल. पण तुम्ही ज्या शब्दाला घाबरताय, त्या ‘नाही’ची गरज फार थोड्या वेळा पडते. गरज पडते ती ‘केव्हा’ हे सांगायची, आणि ती मात्र दर वेळी पडते. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मी औषधांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करते. खोक्यात घड्या घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो. एकदा डोसचा तक्ता करत होते. एकाखाली एक अशा दोन ओळी, दोन्हींची सुरुवात सारखीच: ‘मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांना’. पहिली ओळ मध्यम विकाराची, दुसरी तीव्र विकाराची. पहिली लिहून झाली आणि फोन वाजला. ‘हो, संध्याकाळपर्यंत पाठवते’ एवढंच बोलले आणि ठेवला. परत पडद्याकडे बघितलं तर नजर पडली ती ‘मूत्रपिंडाचा विकार’ या शब्दांवर. ही ओळ झाली, असं वाटून मी पुढच्या परिच्छेदावर गेले. तीव्र विकारवाल्यांची ओळ भाषांतरात आलीच नाही.

ज्या बाई माझं काम तपासतात त्यांच्या ती लक्षात आली. त्या रागावल्या नाहीत, नुसती लाल खूण करून पाठवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांच्या नजरेतूनही ती सुटली असती तर काय झालं असतं, हेच डोक्यात घोळत होतं.

माझाच निष्काळजीपणा, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. मग २०१४ सालचा एक अभ्यास वाचनात आला. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या एरिक ऑल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० जणांना ठरावीक क्रमाने पायऱ्या करत जायचं काम दिलं होतं आणि मध्ये मध्ये अगदी छोटा अडथळा आणला होता. अडथळा सरासरी २.८ सेकंदांचा असला तरी क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, ४.४ सेकंदांचा झाला तेव्हा तिप्पट. आलेला मेसेज नुसता डोळ्यांखालून घालायला एवढा वेळ लागतोच. आणि चूक नेमकी कुठे होत होती? काम कसं करायचं ते कोणी विसरत नव्हतं, आपण कुठवर आलोय तेच हरवत होतं. माझ्या त्या ओळीचं तेच झालं होतं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, ‘एकच मिनिट’ला क्षुल्लक समजू नका आणि त्यावर चिडलात तर स्वतःला आततायीही समजू नका. २०१० साली सिडनीतल्या दोन रुग्णालयांत औषधं देणाऱ्या परिचारिकांचा अभ्यास झाला होता. मध्ये आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. अनुभवी, काळजीपूर्वक काम करणारी माणसंसुद्धा यातून सुटत नाहीत.

काम तर होतंच आहे की, असंही तुम्हाला कधी वाटत असेल. होतं, हे खरं आहे. माणसाचं लक्ष कसं विखुरतं याचा ग्लोरिया मार्क यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. त्यांच्या २००८ च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकरच संपवलं. गेलेला वेळ ते वेग वाढवून भरून काढत होते. पण त्यांच्यावरचा ताण, वैताग, घाई, सगळं वाढलं होतं. संध्याकाळी यादीतली सगळी कामं झालेली असतात आणि तरीही माणूस पिळून निघालेला असतो, तो यामुळे. कामाच्या यादीत हे नुकसान दिसत नाही, म्हणून दुसऱ्याला समजावून सांगणं आणखी अवघड जातं.

आता ‘केव्हा’कडे येते.

विमानांच्या बाबतीतला एक नियम मला फार आवडतो. ११ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत शार्लट इथे उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं आणि ७० हून अधिक माणसं गेली. उतरण्याच्या तयारीत असताना कॉकपिटमध्ये कामाशी संबंध नसलेल्या गप्पा चालल्या होत्या, असं तपासात पुढे आलं. असे आणखीही प्रसंग पाहिल्यावर १९८१ साली तिथे नियम झाला: विमान १०,००० फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये फक्त त्या घडीच्या उड्डाणाला लागेल तेवढंच बोलायचं. या नियमाने गप्पा बंद केल्या नाहीत, १०,००० फुटांच्या वर ढकलल्या. गप्पा केव्हा मारता येतील हे सगळ्यांना ठाऊक झालं, त्यामुळे त्यात कोणाचा अपमान व्हायचं कारण उरलं नाही.

दारात येणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही परत केव्हा मोकळे व्हाल याचा त्याला पत्ता नसतो. मग ‘आत्ता’ हीच वेळ त्याला सगळ्यात खात्रीची वाटते. तुम्ही ‘मी कामात आहे’ म्हणालात तर दार बंद झालं एवढंच त्याला कळतं. ते कधी उघडणार, हे कळत नाही.

माझी आई दर अर्ध्या तासाने खोलीत डोकावायची. मी कधी तुटकपणे बोलायचे, कधी काहीच न बोलता हातानेच जा म्हणायचे. शेवटी एक दिवस तिच्यापाशी बसले आणि म्हटलं, ‘आई, मी साडेदहापर्यंत आत असते. बरोबर साडेदहाला बाहेर येते. तोवर जे आठवेल ते एका कागदावर लिहून ठेव, आपण सगळं बोलू.’ पहिल्या आठवड्यात ती तरीही दोन-तीनदा आली. दर वेळी मी मान वर करून, हसून ‘साडेदहाला’ एवढंच म्हणायचे. आणि साडेदहाला उठायचेच, वाक्य अर्धं राहिलेलं असलं तरी. यात खरी कसोटी माझी होती. एकदा काम रंगात आलं म्हणून मी अकरापर्यंत उठलेच नाही. दुसऱ्या दिवशी दहालाच आई दारात हजर. तिचं काहीच चुकलं नव्हतं, माझ्या वेळेवरचा विश्वास मीच घालवला होता. तो परत यायला पुढचे आठ-दहा दिवस लागले.

ऑफिसच्या बाबतीतही तत्त्व हेच, फक्त तिथे वेळ जाहीर करण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. ज्या मॅडमकडून मला काम येतं त्यांना मी लिहिलं होतं: ‘सकाळी साडेआठ ते साडेदहा मी तक्त्यांचं काम करते, तेव्हा मेसेज बघत नाही. साडेदहानंतर सगळे बघून उत्तर देते. त्याआधी काही अडलंच तर सरळ फोन करा, उचलेन. चालेल ना?’ यातली फोनची सोय फार महत्त्वाची. तातडीसाठी एक वाट उघडी आहे म्हटल्यावर समोरच्याचा जीव शांत होतो, आणि त्या वाटेने प्रत्यक्षात फारसं कोणी येत नाही. आता मोबाइलवर त्या दोन तासांत फक्त आईचा, मॅडमचा आणि आणखी दोघांचा फोन वाजतो, बाकी सगळं गप्प असतं. टीममध्ये असाल तर सगळ्यांनी मिळूनच अशी वेळ ठरवता येते का ते बघा. लेस्ली पर्लो या संशोधक बाईंनी एका सॉफ्टवेअर कंपनीत हे करून बघितलं होतं, आठवड्यातले तीन दिवस दुपारी बारापर्यंत कोणी कोणाला हाक मारायची नाही. एकट्याने पाळलेला नियम सतत समजावत बसावा लागतो, सगळ्यांचा असला की तो पाळणं सोपं जातं. अर्थात, लोकांना उत्तरं देणं हेच ज्याचं काम आहे त्याला दोन तास मिळणार नाहीत. त्याने अर्धा तास मागावा, पण रोज त्याच वेळेचा.

एवढं करूनही कोणीतरी येणारच. अशा वेळचा एक उपाय सांगते, सगळ्यात जास्त उपयोग मला त्याचाच झालाय. हाक ऐकू आली की मान वर करायच्या आधी हात वर करा, ‘दोन शब्द लिहिते’ म्हणा आणि खरंच लिहा. मी शेजारी एक वही ठेवते. त्यात ‘तक्ता ३, मूत्रपिंड तीव्र, राहिलंय’ असं लिहिते. कुठे आहे आणि पुढची पायरी काय, बस. मग पेन खाली ठेवून समोरच्याकडे नीट वळते. एका कामावरून दुसऱ्यावर गेलं तरी पहिल्याचा गाळ डोक्यात उरतो, हे सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं होतं. परत आल्यावर काय करायचं ते उठण्याआधी लिहून ठेवलं तर तो कमी होतो, हेही त्यांच्याच पुढच्या कामात दिसलं. मला जाणवलेला फरक असा की, आता समोरच्याचं बोलणं माझ्या कानात शिरतं. पूर्वी मी नुसती मान हलवत असायचे आणि मनात ते वाक्य निसटू नये म्हणून धरून ठेवलेलं असायचं. माणसं दुखावली जायची ती बहुतेक त्या अर्धवट ऐकण्याने.

आणि जे व्यत्यय आपण स्वतःच आणतो, त्यांचं काय? दारातल्या माणसाचा राग येतो, पण अवघड वाक्य समोर आलं की आपलाच हात मोबाइलकडे जातो. लोकांच्या कामाची जेव्हा प्रत्यक्ष पाहणी झाली तेव्हा अशा स्वतःहून काम सोडण्याचा वाटा मोठा निघाला. मनालाही मी ‘केव्हा’च सांगते. बिल भरायचंय, अमक्याला उत्तर द्यायचंय, एखाद्या शब्दाचा अर्थ बघायचाय, असं काही आठवलं की त्याच वहीच्या मागच्या पानावर टाकते. साडेदहाला ते पान उघडलं की त्यातल्या निम्म्या गोष्टी करायची गरजही उरलेली नसते. तातडीचा फोन ऐकू यावा म्हणून मोबाइल बाहेरच्या खोलीत, आवाज चालू करून ठेवलेला असतो. उठून जावं लागतं, त्यामुळे उगाच बघितला जात नाही.

सुरुवात एकाच तासाने करा. सगळा दिवस अडवायला गेलात तर चार दिवसांत मोडेल आणि घरच्यांनाही ते जाचेल. ज्या वेळी तुमचं डोकं सगळ्यात ताजं असतं तो तास निवडा, आणि तो संपल्यावर पंधरा मिनिटं माणसांसाठी मुद्दाम मोकळी ठेवा.

‘माणसं न दुखावता’ असं तुम्ही लिहिलंय. क्वचित कोणीतरी दुखावतंच. माझी एक जुनी मैत्रीण रोज सकाळी दहाच्या सुमारास फोन करायची. तिला मी समजावून सांगितलं की ही वेळ जमत नाही, दुपारी चारनंतर मी मोकळी असते. ती ‘बरं’ म्हणाली आणि नंतर पंधरा दिवस तिचा फोन नाही. मला फार लागलं ते. मग लक्षात आलं की मी वेळ सांगितली खरी, पण त्या वेळेला तिची आठवण मी स्वतः एकदाही काढली नव्हती. बुधवारी बरोबर चार वाजता मी तिला फोन केला. आधी ती थोडी तुटकच बोलली, मग पाऊण तास बोलत राहिली. आता बुधवारचा चारचा फोन माझा असतो. तेव्हा माझी वही बंद असते, आणि तिलाही माहीत असतं की मी कुठेही बघत नाहीये.